चित्रातली माणसे आणि त्यांची नावे

स्कॉटलंडमधील एडिंबरो शहराच्या उत्तरेस, फोर्थच्या खाडीवर, न्यूहेवन नावाचे कोळ्यांचे एक गाव होते. आज ते शहरातच मिसळून गेले आहे. १८४५ च्या आसपास तेथे काढलेल्या एका छायाचित्रात एक तरुण कोळीण उभी आहे. अंगात जाड, पट्ट्यापट्ट्यांचे घागरे, एकावर एक चढवलेले. जवळ मासळीच्या विणलेल्या टोपल्या. आणि नजर खाली वळलेली. ती आपल्याकडे पाहत नाही. छायाचित्र काढणाऱ्याकडेही पाहत नाही. वॉल्टर बेन्यामिन या जर्मन लेखकाने १९३१ मध्ये छायाचित्रणकलेच्या इतिहासावर एक निबंध लिहिला. त्यात तो या बाईपाशी येऊन थबकला आहे. छायाचित्रकाराचे कसब कितीही वाखाणले तरी या चित्रात त्यापलीकडचे काही उरते, आणि ते आपल्याकडे त्या बाईचे नाव मागत राहते, अशा आशयाचे त्याने तेथे लिहिले आहे.

बेन्यामिनला ते नाव ठाऊक नसावे. पण ते नाहीसे झालेले नाही. तिचे नाव एलिझाबेथ जॉन्स्टन, लग्नानंतर मिसेस हॉल.

व्हिक्टोरिया राणीचा काळ म्हणजे १८३७ ते १९०१. छायाचित्रणाची विद्या आणि ही राणी जवळजवळ एकाच वेळी जगापुढे आली. त्यामुळे खेड्यातले साधे माणूस, म्हणजे मजूर, कोळी, गवत कापणारा, शाळेतले पोर, चित्रकाराच्या कुंचल्याच्या मध्यस्थीवाचून कागदावर उमटले ते प्रथम याच काळात. ही चित्रे इंग्लंड-स्कॉटलंडच्या संग्रहालयांत आज हजारोंनी जतन केलेली आहेत. ती पाहताना दोन प्रश्न माझ्या मनात सतत येतात. या चित्रांवर विश्वास किती ठेवावा? आणि यातली माणसे कोण?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर थोडे तंत्रात शिरले पाहिजे. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील लेकॉक या गावचे जमीनदार विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८३५ मध्ये आपल्या वाड्याच्या एका खिडकीचे चित्र रसायन लावलेल्या कागदावर उतरवले. १८४१ मध्ये त्यांनी सुधारलेल्या पद्धतीचे पेटंट घेतले. कागदाचीच निगेटिव्ह आणि तिच्यावरून कागदाच्याच हव्या तितक्या प्रती, अशी ती पद्धत. ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ या १८४४ ते १८४६ च्या दरम्यान भागाभागाने निघालेल्या त्यांच्या पुस्तकात चोवीस चित्रे आहेत. त्यांतले एक मला फार आवडते. अर्धवट उघडे दार, त्याला टेकवून ठेवलेला खराटा, बाजूला टांगलेला कंदील आणि लगाम. माणूस कोणीच नाही. पण कोणी तरी आत्ताच अंगण झाडून आत गेले आहे असे वाटते. दुसऱ्या एका चित्रात गवताची गंजी आणि तिला लावलेली शिडी आहे. येथे दोन्हीकडे खेडे आहे, खेडूत मात्र नाही. हे अकारण नव्हे. त्या काळच्या कागदाला चित्र पकडायला भर उन्हातही पुष्कळ सेकंद, कधी मिनिटे लागत. खराटा तेवढा वेळ निमूट उभा राहतो. माणूस राहत नाही.

ही अडचण लक्षात ठेवून न्यूहेवनची चित्रे पाहिली म्हणजे त्यांचे मोल कळते. ती काढणारे दोघे होते. डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल हा चित्रकार आणि रॉबर्ट ॲडमसन हा विशीतला, रसायनांत हात बसलेला तरुण. त्यांची गाठ पडली ती एका धर्मभांडणामुळे. मे १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली आणि शेकडो धर्मोपदेशक बाहेर पडले. त्या प्रसंगाचे एक भव्य तैलचित्र काढण्याचे हिलने मनावर घेतले. इतक्या माणसांचे चेहरे उतरवून घ्यायला छायाचित्राचा उपयोग करावा, असे शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी सुचवले. ते तैलचित्र पुरे व्हायला १८६६ साल उजाडले. ॲडमसन त्याआधीच, जानेवारी १८४८ मध्ये, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी मरण पावला होता. त्या अवजड तैलचित्राची आठवण आज फारसे कोणी काढीत नाही. पण मधल्या चार वर्षांत या दोघांनी जाता-येता कोळ्यांच्या गावाची जी सुमारे एकशेतीस छायाचित्रे काढली, ती जगभर पाहिली जातात. मोठे काम बाजूला राहावे आणि सहज हाती घेतलेले टिकावे, असे पुष्कळदा होते.

न्यूहेवनच्या बायका त्या काळी एडिंबरोत प्रसिद्धच होत्या. पाठीवर मासळीची जड टोपली, तिचा पट्टा कपाळावरून घेतलेला, आणि तशा त्या दोन-तीन मैलांची चढण चढून शहरात दारोदार मासे विकायला जात. भाव त्याच ठरवीत आणि पैसा त्यांच्याच हातात असे. घरी परतल्यावर गळांच्या लांबलचक दोऱ्यांना शिंपल्यांतले मांस आमिष म्हणून लावायचे कामही त्यांचेच. गोव्याच्या वा मुंबईच्या बाजारात जिने कोळणीशी भाव करून हार खाल्ली असेल, तिला या चित्रांतल्या बायकांची उभे राहण्याची तऱ्हा ओळखू येईल.

पण त्या बायका तशा उभ्या आहेत त्याला आणखीही एक कारण आहे. नीट पाहिले तर एकीचा हात दुसरीच्या खांद्यावर असतो, तिसरी भिंतीला रेललेली असते. हा जिव्हाळा खोटा नव्हे. परंतु चित्र हलू नये म्हणून हिलने त्यांना एकमेकींचा आधार दिला आहे, हेही खरे. पुरुष नेहमी वाळूवर ओढलेल्या होडीपाशी उभे असतात. सँडी लिंटन होडीला टेकून उभा आहे, पायाशी त्याची अनवाणी पोरे बसली आहेत. विली लिस्टन गळांची दोरी साफ करतो आहे. एक मुलगा बापाची ढगळ विजार घालून उभा आहे. त्या चित्राचे नावही ‘बापाची विजार’ अशाच अर्थाचे आहे. समुद्रावर, लाटांत, प्रत्यक्ष धंदा करताना मात्र एकही कोळी दिसत नाही, कारण ते टिपणे त्या कॅमेऱ्याला शक्यच नव्हते. जगातील सर्वांत अस्थिर धंद्याचे हे अत्यंत स्थिर चित्रण आहे. पाहणाऱ्याला वाटते, किती शांत जीवन होते! ती शांतता रसायनाची होती, जीवनाची नव्हे.

तरीही या चित्रांत एक गोष्ट अशी आहे की जिच्यापुढे मला नम्र व्हावेसे वाटते. सँडी लिंटन, विली लिस्टन, एलिझाबेथ जॉन्स्टन. ज्या काळात मजुराचे नाव चर्चच्या वहीत तीनदा, म्हणजे जन्म, लग्न आणि मरण एवढ्यापुरतेच येई, त्या काळातल्या कोळ्यांची ही नावे त्यांच्या चित्रांबरोबर टिकली आहेत.

सगळीकडे असे झाले नाही. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी काचेवर ओले रसायन पसरून चित्र घेण्याची रीत प्रसिद्ध केली आणि चित्रे अधिक रेखीव, अधिक जलद निघू लागली. मग खेडे हा शहरातल्या हौशी लोकांचा आवडता विषय झाला. त्यामागे एक सामाजिक कारण होते. १८५१ च्या खानेसुमारीत इंग्लंड-वेल्समधील निम्म्याहून किंचित अधिक लोक शहरांत राहतात असे प्रथमच आढळले. गाव सुटले की गावाचा पुळका येतो. आपल्यापैकी ज्यांच्या घराण्यांनी कोकणातले वा देशावरचे गाव पिढ्यांपूर्वी सोडले आणि जे माळव्यात, गुजरातेत वा हैदराबादेत स्थिरावले, त्यांना ही भावना अनोळखी नसावी.

या पुळक्याचा कळस हेन्री पीच रॉबिन्सन या छायाचित्रकाराच्या कामात दिसतो. हा गृहस्थ अत्यंत कसबी. एका चित्रासाठी पाच-पाच निगेटिव्ह जोडण्यात त्याचा हातखंडा होता. खेड्यातल्या मुलींची चित्रे त्याने पुष्कळ काढली. पण खऱ्या खेडवळ मुली कॅमेऱ्यापुढे अवघडतात, म्हणून तो त्यांच्या अंगावरचे जुने कपडे विकत घेई आणि ते सुशिक्षित घरच्या मुलींना नेसवून त्यांना शेताच्या बांधावर बसवी. हे त्याने लपवले नाही, उलट १८८० नंतरच्या आपल्या पुस्तकात ते पद्धत म्हणून सांगितले. म्हणजे चित्रातला कपडा खरा, माती खरी, आणि माणूस तेवढे खोटे! त्या कपड्यांचे पैसे त्या मुलीला मिळाले, तिचा चेहरा मात्र कोणाला नको होता.

याच्याविरुद्ध खवळून उठला तो पीटर हेन्री एमर्सन. क्यूबात जन्मलेला, केंब्रिजला शिकलेला हा डॉक्टर वैद्यकी सोडून पूर्व इंग्लंडच्या नॉरफोक भागातील पाणथळ प्रदेशात जाऊन राहिला. १८८६ मध्ये त्याने चित्रकार टॉमस गुडॉल याच्यासह त्या प्रदेशावर चाळीस छायाचित्रांचे पुस्तक काढले. त्यातली माणसे तेथलीच आहेत, आणि ती आपापल्या कामात आहेत. उंच लव्हाळ्याच्या पेंढ्या रचून गंजी घालणारे मजूर आहेत. हे लव्हाळे घरे शाकारायला जाई आणि त्याची कापणी हिवाळ्यात, गोठवणाऱ्या पाण्यात उभे राहून करावी लागे. मजुरांच्या पायांतले लांबलचक बूट त्याचीच साक्ष देतात. होड्या बांबूने रेटणारे आहेत, पाणथळीतले गवत वाहणारे आहेत.

त्या पुस्तकातले एक चित्र फार गाजले. होडीत एक पुरुष वल्ही धरून बसला आहे आणि बाई वाकून पाण्यातले पांढरे कमळ खुडते आहे. पाहताक्षणी वाटते, काय हा रमणीय प्रसंग, फुले वेचायला निघालेले जोडपे! वस्तुतः ती फुले मासे पकडण्याच्या जाळ्यात आमिष म्हणून ठेवायची आहेत. ते दोघे सहलीला नव्हे, कामावर निघाले आहेत. चित्रासोबतचा मजकूर वाचला नाही तर हे कळायला मार्गच नाही. इतक्या प्रामाणिक छायाचित्रकाराचे चित्रसुद्धा एकटे सोडले तर फसवते, ते असे.

एमर्सनची पुढची पुस्तके वाचताना आणखी एक विसंगती जाणवते. चित्रांत शेतकरी धीरोदात्त आहेत, क्षितिज मोकळे आहे, धुके सुंदर आहे. आणि त्याच पुस्तकाच्या मजकुरात तो मजुरांच्या गरिबीविषयी आणि त्यांच्या राहत्या घरांच्या दुरवस्थेविषयी कडवटपणे लिहितो. जे डोळ्यांनी पाहिले ते त्याला कॅमेऱ्याने सांगता आले नाही, की सांगावेसे वाटले नाही? १८९० मध्ये त्याने काळ्या चौकटीचे एक पत्रक छापून आपलाच कलासिद्धांत मेल्याचे जाहीर केले, इतका तो स्वतःवर रुष्ट होता. माझे मत विचाराल तर सिद्धांत मेला म्हणून काही बिघडले नाही. लव्हाळे कापणाऱ्यांचे बूट राहिले.

कारण या चित्रांतले सत्य बहुतेक वेळा छायाचित्रकाराने ज्याच्याकडे लक्ष दिले नाही त्यात असते. वेलींनी मढलेले, गवताने शाकारलेले घर त्याने सौंदर्यासाठी टिपलेले असते. पण दारापाशी पाण्याच्या बादल्या दिसतात, तेव्हा कळते की घरात पाणी नाही, ते विहिरीवरून वा गावच्या पंपावरून आणावे लागते. दाराची उंची आणि तिच्यापुढे उभ्या माणसाची उंची ताडून पाहावी, म्हणजे आत वाकूनच जावे लागत असेल हे दिसते. म्हाताऱ्यांच्या अंगात गुडघ्यापर्यंतचे चुण्या घातलेले जुन्या वळणाचे डगले असतात, तरुणांच्या अंगात शहरी धाटणीची जाकिटे. एका चित्रात दोन युगे उभी असतात. रस्ते रिकामे दिसतात, कारण चालणारी माणसे आणि गाड्या कॅमेऱ्याला टिपताच आल्या नाहीत. कोठे कोठे रस्त्याच्या मधोमध एक पांढुरका डाग असतो. तो एखादा कुत्रा असतो, किंवा मूल.

आणि चित्रांत अजिबात न दिसणाऱ्या गोष्टींचाही हिशेब ठेवला पाहिजे. १८७९ च्या सततच्या पावसाने इंग्लंडचे पीक बुडाले. त्यातच अमेरिकेचा स्वस्त गहू येऊ लागला होता. १८९४ मध्ये गव्हाचा भाव एका क्वार्टरला २२ शिलिंग १० पेन्स इतका खाली आला. १८७७ मध्ये तोच सुमारे ५६ शिलिंग होता. शेतमजूर गावे सोडून शहरांत, खाणींत, रेल्वेवर आणि समुद्रापार गेले. त्याआधी, फेब्रुवारी १८७२ मध्ये, वॉरिकशरमधील वेल्सबर्न गावी एका झाडाखाली जोसेफ आर्च नावाच्या कुंपण-बांधकाम करणाऱ्या मजुराने शेतमजुरांची सभा घेतली. तिच्यातून त्यांची देशव्यापी संघटना उभी राहिली. १८८४ च्या कायद्याने खेड्यातील बहुसंख्य पुरुषांना मत मिळाले आणि पुढच्याच वर्षी आर्च पार्लमेंटात गेला. ज्या वर्षी एमर्सनचे कमळांचे चित्र प्रसिद्ध झाले, त्याच वर्षीच्या इंग्लंडमधील खेड्याची ही दुसरी बाजू. छायाचित्रांच्या संग्रहात तिचा शोध घ्यायला गेलो तर हाती फारसे लागत नाही.

शिक्षक म्हणून माझी नजर अडते ती खेड्यातल्या शाळांच्या समूहचित्रांवर. १८७० च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये जागोजाग प्राथमिक शाळांची तजवीज झाली, १८८० मध्ये हजेरी सक्तीची झाली, आणि १८९१ मध्ये बहुतेक शाळांतील फी गेली. याच सुमारास काचेवरची कोरडी तयार प्लेट बाजारात आली आणि फिरते छायाचित्रकार तिवई खांद्यावर टाकून गावोगाव हिंडू लागले. अशा चित्रांत मुले चार रांगांत असतात, हाताची घडी, पुढच्या रांगेत मांडी घालून बसलेले लहानगे, त्यांतल्या मधल्याच्या हातात शाळेचे वा वर्गाचे नाव लिहिलेली पाटी. मुलींच्या झग्यावर पांढरे ॲप्रन, खालचा झगा मळू नये म्हणून, की त्याची ठिगळे दिसू नयेत म्हणून? बहुतेकांच्या पायांत खिळे ठोकलेले बूट. ते मापाचे नाहीत हे पाहताक्षणी कळते, कारण ते थोरल्या भावाचे असतात.

ही चित्रे त्या शाळांच्या लॉगबुकांशेजारी ठेवून पाहावीत. १८६२ च्या नियमावलीपासून मुख्याध्यापकाला लॉगबुक लिहिणे भाग होते. खेड्यांतल्या लॉगबुकांत वर्षभर एकच रडगाणे असते. आज मुले बटाटे काढायला गेली. आज पाखरे राखायला. सुगी संपल्यावर आयांबरोबर सरवा वेचायला. सुगीची सुटी कधी सुरू करायची ते सरकार ठरवीत नसे, पीक ठरवी. आठ वर्षांखालील मुलांना शेतमजुरीला लावण्यास बंदी करणारा कायदा १८७३ मध्ये झाला होता. कायदा करावा लागला यावरून आधीची रीत समजते. समूहचित्राच्या दिवशी मात्र वर्ग भरलेला असतो. हजेरीपट आणि छायाचित्र यांत खोटे कोण बोलते हे मला, इतकी वर्षे हजेरीपट भरून, चांगले ठाऊक आहे.

एका शाळेत मी रुजू झालो तेव्हा कार्यालयात एक जुने समूहचित्र टांगलेले होते. खाली छापील अक्षरांत मुख्याध्यापकांचे, शिक्षकांचे आणि पाहुण्या अधिकाऱ्यांचे नाव होते. साठ-सत्तर मुलांपैकी एकाचेही नव्हते. गावातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने चष्मा सावरत त्यांतली सात मुले ओळखली. मी ती नावे पेन्सिलीने मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवली. पुढच्या वर्षी तो गृहस्थ वारला.

आपल्याकडेही ही विद्या फार उशिरा आली असे नव्हे. १८५४ मध्येच मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली होती आणि डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी, हे गोव्यातल्या पेडणे महालातील मांद्र्याचे, तिच्यात होते. इंदूरला सरकारी नोकरीत असताना लाला दीनदयाळ कॅमेरा शिकले आणि पुढे हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झाले. पण त्यांच्या कॅमेऱ्यापुढे आले ते मुख्यतः राजेरजवाडे, किल्ले आणि शिकारी. सामान्य माणूस सरकारने पाहिला तो वेगळ्या नजरेने. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा छायाचित्रांचा आठ खंडांचा ग्रंथ निघाला. त्यात चित्राखाली बहुधा असते ती जात, टोळी वा धंदा आणि प्रदेश. नाव क्वचितच. त्याच राणीच्या राज्यातली ही दोन्ही चित्रे: न्यूहेवनची कोळीण मिसेस हॉल आहे, इकडचा माणूस नुसता एक नमुना.

अर्थात इंग्लंडातही नमुने पुष्कळ झाले. फ्रान्सिस फ्रिथ यांनी १८६० च्या सुमारास रायगेट गावी कंपनी काढून देशातील प्रत्येक गावाचे चित्र घेण्याचा संकल्प केला. त्यांच्या वारसांनी तो पुढे चालवला, आणि हजारो गावांची लाखांच्या घरातील चित्रे जमली. बेंजामिन स्टोन या पार्लमेंटच्या सभासदाने १८९७ मध्ये अशा नोंदींसाठी एक संस्था स्थापली आणि गावोगावच्या लुप्त होत चाललेल्या रूढी, शिंगे घेऊन नाचणाऱ्या ॲबट्स ब्रॉमलीच्या नर्तकांसह, टिपून ठेवल्या. ही कामे मोठी होती. परंतु फ्रिथच्या पत्रचित्रांवर गावाचे नाव असते, रस्त्याचे असते. दारात उभ्या राहिलेल्या बाईचे नसते.

जे उरले ते तरी नशिबाने उरले. काचेच्या जुन्या प्लेटींना पुढे कोणी विचारीना. स्टुडिओ बंद पडले की त्या गाड्या भरून विकल्या जात. बागवान लोक त्या विकत घेत, कोमट पाण्याने घासून वरचा थर काढून टाकीत आणि ती स्वच्छ काच रोपांच्या काचघरांना बसवीत. गावेच्या गावे, त्यांतल्या शाळा, दारे, कुत्री आणि माणसे अशी धुऊन निघाली, आणि त्या काचांखाली टोमॅटो पिकले.